चकचकीत फरशी आणि अकरा पिल्लं

तीस वर्षं मी इस्पितळाच्या फरश्या पुसल्या. माझी फरशी ओली असली की मोठे डॉक्टरसुद्धा भिंत धरून कडेकडेनं जायचे. म्हणून सूनबाईनं कोंबडीची अकरा पिल्लं आणून मागच्या खोलीत ठेवू का विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "ठेव. पण माझ्या घरात घाण चालणार नाही."

तिनं पोतंभर भुसाही आणला होता. तो मी दाराबाहेरच थांबवला. भुसा म्हणजे कचराच की, विकत आणला म्हणून काय झालं!

सूनबाई सकाळी कपड्यांच्या कारखान्यात जाते, बाह्या शिवते. ती गेली की मी पिल्लं टोपलीत भरायची, फिनेल घालून फरशी दोनदा पुसायची आणि पिल्लं परत सोडायची. मग काय दिसायचं ते! खिडकीतून ऊन आत यायचं, फरशीचं तळं व्हायचं आणि प्रत्येक पिल्लाच्या पायाखाली दुसरं पिल्लू उलटं उभं राहायचं. अकराची बावीस. मी खुर्ची टाकून बघत बसायची. डोळे जड व्हायचे. वाटायचं, तळ्याखाली आणखी एक घर आहे, तिथेही एक म्हातारी बसलीय, पण तिचे गुडघे दुखत नाहीत. पिल्लं पाण्यावरून चालल्यासारखी हळूहळू सरकायची, आणि त्यांची चिवचिव कुठून तरी खालून आल्यासारखी वाटायची.

पाचव्या दिवशी एका पिल्लाचे पाय दोन बाजूंना गेले, पोहायला निघाल्यासारखे. मग आणखी दोघांचे. बाकीची पंख गाळून, डोळे मिटून झोपा काढायला लागली. मला ती शहाणी वाटली. सातव्या दिवशी एक उठलंच नाही.

सूनबाई कारखान्यातून आली आणि ते ओंजळीत घेऊन उभी राहिली. तिनं कुंडीत लावलेला गुलाब वाळला होता, बरणीतले मासे मेले होते, आणि याच घरात दोनदा दिवस जाऊनही पाळणा हलला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या तोंडून गेलंच, "तुझा हातगुणच तसला."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिनं पलीकडच्या गल्लीतल्या अंडीवालीला निरोप धाडला, सगळी घेऊन जा म्हणून. लंगडी पिल्लं अंडीवाली पाळत नाही. त्यांचं ती काय करते, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

अंडीवाली दुपारी आली. दीडशे कोंबड्यांची मालकीण, आवाजही तेवढाच. उंबऱ्यातच नाक वर करून म्हणाली, "काय हो, आज कोणाचं ऑपरेशन आहे इथं?"

"स्वच्छता म्हणतात तिला. तुमची ओळख नसेल."

"माझी नाही, पण या पिल्लांची चांगलीच झालेली दिसते." तिनं एक पिल्लू फरशीवर ठेवलं. सर्रकन पाय फाकले. मग दारातलं गोणपाट ओढून त्यावर ठेवलं. पिल्लानं नखं रुतवली, डुललं, आणि उभं राहिलं. "बघितलंत? पायाला धरायला काही नको? काचेवर चालून दाखवा बघू तुम्ही. आणि या वासानं तर बैल झोपेल, ही बोटाएवढी लेकरं! कोण पुसतं हो ही फरशी?"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खाली बघून म्हणाली, "मीच."

अंडीवाली तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून चुकचुकली. झालं. मिटलं होतं सगळं. मी नुसतं गप्प बसायचं होतं. खोलीत ऊन तसंच पसरलं होतं आणि पिल्लं त्यावर तरंगत होती. माझा जीव कसा हलका हलका झाला होता, अर्ध्या झोपेत होतो तसा. असंच बसून राहावं, वाटलं.

"खोटं बोलते ती," मी म्हटलं. "मी पुसते. तिला जमेल का इतकी चकचकीत?"

अंडीवाली हसली नाही, हे तिचं मोठेपण. सूनबाईनं मान वर केली.

"भुसाही मीच अडवला," मी म्हटलं. "पिल्लू मेलं ते माझ्यामुळे. तुला बोलले ते चुकलं माझं."

एवढंच बोलायला मला तीस फरश्या पुसल्याएवढा दम लागला.

अंडीवालीनं खिडक्या उघडायला लावल्या, साध्या पाण्यानं फरशी धुवायला लावली, कोरडी झाल्यावर पोतं फोडून भुसा पसरायला लावला. लंगड्यांचे पाय जवळ घेऊन मऊ पट्टीनं सैलसर बांधायचे, चारपाच दिवस तसेच ठेवायचे, असं सांगितलं. "तिन्ही उभी राहतील असं नाही सांगत," ती म्हणाली. "पण आता घेऊन जाऊ का?"

"नको," सूनबाई म्हणाली. अंडीवाली रिकामी टोपली काखेत मारून गेली.

सूनबाई भुशात मांडी घालून बसली. जुन्या ओढणीची पट्टी फाडली, पिल्लू उताणं तळहातावर घेतलं, आणि बाही जोडावी तसं नेमकं माप घेतलं. पिल्लाचं काळीज तिच्या बोटांखाली भराभर उडत होतं, मग सावकाश झालं. त्यानं डोळे मिटले. या वेळी ती साधी झोप होती.

"आई," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "इकडे बसा. हे टोक धरा. ओढू नका."

मी गुडघे मोडून भुशात बसले आणि टोक धरलं.