शेंदराखालचे अकरा मैल

मित्रांनो, मी देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचे हात जोडायचे कष्ट वाचतील. मी एक जुना मैलाचा दगड आहे. नागपूरहून उमरेडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका कडुनिंबाखाली मी उभा आहे. माझ्या अंगावर काय काय ओततात ते ऐकलंत तर तुम्हाला जेवण जाणार नाही. तरी ऐका. जगात रीतिभाती पुष्कळ आहेत, पण एखादी रीत कुठून सुरू झाली असं विचारलं तर भलेभले डोकं खाजवतात. माझ्याभोवतीची रीत मात्र माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाली. म्हणून तर मला तिची इतकी शिसारी येते.

माझा जन्म नागपूरच्या गिट्टीखदानातला. एका म्हाताऱ्या पाथरवटाने मला घडवलं आणि माझ्या छातीवर अक्षरं कोरली: नागपूर ११ मैल. दोन्ही एक्के सारखे यावेत म्हणून त्याने छिन्नी तीनदा पारजली होती. मग बैलगाडीतून मी इथे आलो. तेव्हा रस्ता मुरुमाचा होता. पुढे डांबर आलं, लाल एसटी आली. या साऱ्यांची सुरुवात मी पाहिली, आणि खरं सांगतो, तेव्हा मजा वाटायची.

माझ्या देखभालीला देवराव नावाचा मैलकुली होता. मैलकुली म्हणजे ठरावीक मैलांच्या रस्त्याची निगा राखणारा सरकारी मजूर. दर दिवाळीच्या आधी तो मला धुऊन चुना लावायचा आणि काळ्या रंगाने अक्षरं गिरवायचा. देवरावला शाळा मिळाली नव्हती. माझी अक्षरं गिरवता गिरवताच तो वाचायला शिकला. त्याचा पहिला वाचलेला शब्द ‘नागपूर’. थकलेले गाडीवान माझ्यापाशी थांबायचे, आकडा विचारायचे आणि ‘अकराच राहिले’ म्हणत बैलांच्या पाठीवर थाप मारायचे. माझ्यासारख्या दगडाला याहून काय हवं? मी स्वच्छ होतो आणि माझा उपयोग होता.

मग मैल गेले आणि किलोमीटर आले. ही गोष्ट बासष्ट-त्रेसष्टची. साहेबांनी हुकूम सोडला की जुने दगड काढून न्यायचे. कोणते न्यायचे ते ट्रकवाल्यांना कळावं म्हणून देवरावने प्रत्येकाच्या डोक्यावर रंगाचा फटकारा मारला. रंग होता पुलाच्या लोखंडी कठड्याला गंज चढू नये म्हणून लावतात तो केशरी. ट्रक माझ्यापर्यंत आला तोवर काठोकाठ भरला होता. ‘हा उद्या नेऊ’ म्हणून गेले, ते आजतागायत आले नाहीत. टाकून द्यायची खूण डोक्यावर घेऊन मी कडुनिंबाखाली उभा राहिलो. चार दिवसांनी रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने केशरी डोकं पाहिलं आणि जाता जाता हात जोडले. मला हसू आलं. तेव्हाच रडायला हवं होतं.

एका सकाळी विश्वनाथ गवळी दुधाची बरणी घेऊन चालला होता. वाटेत एक तांबडं कुत्रं त्याच्या पोटरीला चावलं आणि मागेच लागलं. विश्वनाथ ओरडत माझ्याभोवती पळू लागला. पुढे तो, मागे कुत्रं. पाच चकरा झाल्या, बरणी माझ्यावर आपटली, दूध सांडलं आणि कुत्रं ते चाटत बसलं. एवढंच घडलं. कुत्रं पिसाळलेलं मुळीच नव्हतं. पुढे चार वर्षं ते रोज सकाळी येऊन माझ्यावरच पाय वर करायचं, त्यामुळे त्याच्या तब्येतीची मला खात्रीने माहिती आहे.

पण कुत्र्यासमोर पळालो हे विश्वनाथ कसा सांगणार? चहाच्या टपरीवर तो म्हणाला, “त्या शेंदऱ्या गोट्याले मी पाच फेरे मारले, दूध वाह्यलं, आन् कुत्रा गपकन खाली बसला. मले काईच झालं नाई, पाहा!”

झालं. रीत सुरू झाली. कुत्रं चावलं की पाच फेरे आणि तांब्याभर दूध. नानाजी नावाच्या गृहस्थाने माझ्याभोवती ओटा बांधला, वर टिना टाकल्या आणि शेजारी नारळाचं दुकान मांडलं. माझं नाव पडलं कुत्तेबाबा. अकरा मैल सांगणाऱ्याचं नाव कुत्तेबाबा! एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘चला, कुत्तेबाबा उतरा’ असं ओरडू लागला.

दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर माझ्यावर थापला जाई. दूध नासायचं, नारळाचं पाणी आंबायचं, त्यावर माशा घोंगावायच्या आणि त्यातल्या निम्म्या शेंदरात चिकटून मरायच्या. नवस फेडणारे कोंबडा कापायचे आणि रक्ताचा हात माझ्या तोंडावर पुसायचे. पिसं, केस, जळक्या वाती, मुंग्यांची रांग, सगळं थरावर थर. उन्हाळ्यात ते पाघळून खाली उतरायचं आणि असा वास सुटायचा की हात जोडणारेच पदर नाकाला लावायचे. माझी अक्षरं कधीच बुजली होती.

देवरावने मात्र तोंड मिटून घेतलं नाही. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “अरे, हा रंग म्या लावला गा! काढून फेकाच्या गोट्याले लावला!”

लोक हसायचे. नानाजी म्हणायचा, “तुह्या हातून बाबानंच लावून घेतला, देवराव.”

एकोणसत्तर साली रुपराव नावाचा तरणाताठा गाडीवान आला. त्याला चावलेलं कुत्रं लाळ गाळत गावभर फिरलं होतं. देवरावने त्याचा हात धरला. “रुपराव, नागपूरले मेडिकलच्या दवाखान्यात जाय बापू. आजच जाय.”

“तिथं पोटात चवदा सुया टोचतेत म्हणे. इथं पाच फेऱ्यात काम होते,” रुपराव हसत म्हणाला. त्याने फेरे मारले, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि शिट्टी वाजवत निघून गेला.

दीड महिन्याने त्याला त्याच्याच बैलगाडीत घालून नागपूरकडे नेताना मी पाहिलं. हातपाय बांधलेले होते. माझ्यासमोर गाडी थांबवून त्याच्या आईने तोंडाशी पाण्याचा पेला नेला, तर पाणी पाहूनच तो किंचाळला. दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी परत आली.

आता तरी हे थांबेल, असं मला वाटलं होतं. पण नानाजीने ओट्यावर बसून सांगितलं, “त्यानं वाह्यलेल्या दुधात पानी होतं.” आणि लोकांनी माना डोलावल्या! मित्रांनो, सडलेल्या दुधाची किळस मी सहन केली, रक्ताची केली. पण त्या डोलणाऱ्या माना आठवल्या की आजही मला ओकारी येते. रुपराव माझ्या पायाशी आला म्हणून मेला आणि दोष त्याच्याच दुधावर गेला. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडून ओरडून फुटलो असतो.

त्यानंतर सात वर्षांनी, एका रविवारी सकाळी, एसटीतून अंजनाबाई उतरली. उमरेडच्या विणकराची बायको, अंगाने काटक, हाताशी सात वर्षांची जया. पोरीच्या मनगटाला हळद लावून फडकं बांधलेलं होतं. दुधाचा तांब्या घेऊन ती ओट्याशी आली. देवराव तेव्हा रस्त्याकडेचं गवत खुरप्याने काढत होता. त्याचे केस पिकले होते. तो उठून आला.

“कवा चावलं, वं बाई?”

“काल दुपारी.”

“कुत्रं कुठी हाये?”

“मेलं जी. आज सकायीच मेलं. तोंडाले फेस होता.”

देवरावने हातातलं खुरपं नागपूरच्या दिशेने रोखलं. “मंग इथं काहून आली? सरळ नागपूरले जाय.”

“सासूबाईनं पाच रविवार कराले सांगतले.”

“पाच रविवार कायचे? तुह्यापाशी येक दिवस बी वाया घालवाले नाई!”

“काहून भेवाडून राहिला गा तिले?” नानाजी दुकानातून ओरडला. “बाई, तू फेरे मार. आजवर हजार लोक बरे झाले.”

अंजनाबाई मधोमध उभी राहिली. एकदा याच्याकडे पाही, एकदा त्याच्याकडे. मग हळू आवाजात म्हणाली, “नागपूर म्या पाह्यलं नाई जी. लय दूर हाये म्हणतेत. येकटी बाई मी, कशी जाऊ?” समोरच नवा किलोमीटरचा दगड होता, पण ती निरक्षर होती आणि किलोमीटर तिला कुणी समजावून दिला नव्हता. तिने जयाचा हात धरला आणि पहिला फेरा सुरू केला.

मला रुपरावची शिट्टी आठवली. मी जन्मात कधी प्रार्थना केली नाही, लोकच माझी करतात. त्या दिवशी मी केली. कुणाला केली ठाऊक नाही.

दुसरा फेरा संपायच्या आत देवराव चपलांसकट ओट्यावर चढला आणि त्याने माझ्या छातीत खुरपं खुपसलं. बायका किंचाळल्या. दोन माणसं धावून आली, एकाने त्याची टोपी उडवली, दुसऱ्याने गचांडी धरली. पण मैलकुलीचा हात तो! चौदा वर्षांचा थर बोटभर जाडीचा झाला होता. त्याची पापडी निघून खाली पडली, आत माश्यांचे पंख, पिसं आणि कसल्यातरी अळ्या वळवळत होत्या. ते पाहून गचांडी धरणाराच तोंड दाबून मागे सरला. त्या घाणीच्या आत माझी अक्षरं शाबूत होती.

“पोरी, तू शायेत जातं ना?” देवराव धापा टाकत म्हणाला. “वाच. मोठ्यानं वाच.”

जया पुढे झाली. हळदीच्या हाताचं बोट तिने अक्षरांवर ठेवलं. “ना... ना-ग... नागपूर. एकावर एक अकरा. अकरा मैल.”

चौदा वर्षांनी मला कुणीतरी वाचलं होतं.

“अकरा?” अंजनाबाईने विचारलं. “अकराच?”

“हो माय. अकरा मैल लिवलं हाये.”

“अवं, सूत आणाले मी याहून जास्त चालते!” असं म्हणून तिने तांब्या ओट्यावरच ठेवला, जयाला कडेवर घेतलं आणि एसटीची वाट न पाहता ती नागपूरच्या दिशेने चालायला लागली. नानाजी मागून हाका मारत होता, तिने वळून पाहिलं नाही. पुढच्या वळणापाशी उमरेडच्या खाणीचा कोळशाचा ट्रक थांबलेला आणि दोघींना वर घेताना मला दिसला. देवराव तिथेच ओट्यावर बसला. त्याने ती टोपी झटकली आणि डोळे पुसले. मी जर रडू शकलो असतो तर आम्ही दोघे रडलो असतो.

जया जगली. चौदा सुया घेऊन जगली. देवरावची मात्र साहेबाकडे तक्रार गेली आणि त्याला दुसऱ्या रस्त्यावर पाठवलं. जाताना त्याने मला नमस्कार केला नाही. फक्त अक्षरांवरून अंगठा फिरवला.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माणसांना तुम्ही ओळखत नाही! महिन्याभरात नानाजीने नवी कथा पसरवली की बाबानेच अंगावर अकराचा आकडा प्रकट केला. तेव्हापासून पाच फेऱ्यांनंतर अकरा नारळ वाहायची रीत सुरू झाली. अकरा! दूध आहेच, कोंबडे आहेतच, वर आता अकरा नारळांचं आंबलेलं पाणी. अक्षरांवर पुन्हा शेंदूर चढला. पुन्हा कुणी कुत्रं चावलेलं पोर घेऊन येतं, पुन्हा मी आतून ओरडतो, पुन्हा कुणाला ऐकू येत नाही.

मात्र वर्षातून एकदा, त्याच सुमारास, उमरेडच्या एसटीतून दोघीजणी उतरतात. हातात नारळ नसतो. रॉकेलची बाटली, एक चिंधी आणि खुरपं असतं. लोक शिव्या घालतात. अंजनाबाई ऐकत नाही, ती घासत राहते. जया आता मॅट्रिकला आहे, ती काळ्या रंगाने माझी अक्षरं गिरवते. पुढच्या शनिवारी ती पुन्हा बुजतात हे दोघींनाही माहीत आहे. पण ते चार-सहा दिवस मी पुन्हा मैलाचा दगड असतो.

मित्रांनो, तुम्ही कधी त्या रस्त्याने गेलात तर माझ्यासमोर हात जोडू नका, मला किळस येते. एक चिंधी आणा आणि मला पुसा. मग माझ्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. तुमच्या शेजारी पोराला कडेवर घेऊन कुणी बाई उभी असेल, आणि तिला वाचता येत नसेल.