आजाऱ्यांची वही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपदेश झाला की आजाऱ्यांची वही वाचतात. मंडळी लहान, चाळीसेक माणसं. वाचणारा उभा राहून एकेकाचं नाव घेतो, त्याला काय हवंय ते सांगतो आणि सगळे आमेन म्हणतात. बारा वर्षं ही वही माझी बायको मथुरा लिहायची.

तिच्याआधी प्रत्येक नावापुढे 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी' एवढंच असायचं. मथुराला ते पटेना. ती मंडणगडकडची, शेतकऱ्याच्या घरातली, लग्नाच्या दोन वर्षं आधी ख्रिस्ती झालेली. उपासनेतले मोठाले शब्द तिच्या तोंडात कधी बसले नाहीत. "घरात तहान लागली तर मी पाणीच मागते ना?" ती म्हणायची. "मग बापाकडे मागताना वेगळी भाषा कशाला?"

दर शनिवारी ती घरोघर जायची, काय हवंय ते विचारायची आणि जसं सांगितलं तसं लिहायची. 'एस्तेरकाकूंना पायऱ्या उतरताना हात धरायला कोणीतरी हवं.' 'परीक्षेच्या भीतीनं ऋतिकाच्या पोटात दुखतं, ते थांबावं.' मी तिला हसायचो. "देवाला आता पायऱ्या मोजायला लावतेस काय?"

"डोक्यावरचे केस मोजलेत त्यानं. पायऱ्या काय जड आहेत?"

मग तीच आजारी पडली. पोटाचा कर्करोग. तिनं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं, 'मथुराच्या पोटात दोन घास राहावेत.' पुढे पेन धरवेना तेव्हा वही माझ्याकडे आली. मी बर्फाच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, मला लिहिण्याची सवय नाही. तिची यादी तशीच पुढच्या पानावर उतरवायची आणि वाचायची, एवढंच मी करायचो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती गेली. शुक्रवारी मूठमाती दिली. रविवारी वाचायला उभा राहिलो. पान मी बुधवारीच तिच्या उशाशी बसून उतरवलं होतं. वाचत गेलो आणि शेवटची, तिची ओळही वाचून गेलो. मग कोणीतरी आमेन म्हटलं, पाठोपाठ सगळ्यांनी म्हटलं.

पहिल्यांदा ते चुकून झालं. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम वाचलं. तिच्यासाठी काहीतरी करायचं अजून शिल्लक आहे, असं आठवड्यात तेवढ्याच वेळेला वाटायचं. असे पंधरा रविवार गेले.

मे महिन्याच्या शेवटी पाळकसाहेब घरी आले. सागर त्यांचं नाव. मिरजेकडचे, तरुण, अजून लग्न झालेलं नाही. पाणी प्याले.

"दादा, या रविवारी वही मी वाचू का?"

"कोणी काही बोललं?"

"कोणीच बोलत नाही, म्हणून आलो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "गेलेल्या माणसासाठी आपण अशी प्रार्थना करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ताईंचं नाव काढा आणि तुम्हीच वाचा. मला तेच आवडेल. पण काढवत नसेल तर वही माझ्याकडे द्या."

मी म्हटलं, रविवारी सांगतो.

नाव काढणं मला जमणार नव्हतं. वही देणंही जमणार नव्हतं, मागची सगळी पानं तिच्या हातची. शनिवारी वही पिशवीत घातली आणि एस्तेरकाकूकडे गेलो. मथुराचं तिच्याशी फार सख्य होतं. ती पाळकांना दोन शब्द सांगेल असं वाटलं.

काकूचं घर चढावर आहे. रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्याच्या चौदा पायऱ्या. वर ती कोकमाची सालं वाळत घालत होती. मला बघितलं आणि फाटक उघडायला सरळ खाली आली, कशालाही न धरता.

मी तिच्या पायांकडे बघितलं.

"काय बघतोस? पायच आहेत, शेपूट नाय."

"काकू, तुमचा गुडघा?"

"मार्चात सून मुंबईला घेऊन गेली, नवा बसवला. पाच रविवार मी देवळात नव्हते. तुला कळलंसुद्धा नाय! आणि आता पहिल्या बाकावर बसते, तर तू माझा हात धरायला माणूस मागतोस आणि मी मुकाट्यानं आमेन म्हणते. चांगली चालती बाई लंगडी करून ठेवलीस, शिंच्या."

"आणि ऋतिका?"

"तिचा निकाल लागला. पेढा खाल्लास ना परवा देवळाबाहेर? कसला म्हणून खाल्लास?"

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"वाचताना तुझ्या तोंडाकडे बघवत नाय रे. सगळी म्हणाली, वाचू दे त्याला."

वर जाऊन अंगणात बसलो. पाळक काय म्हणाले ते सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही त्यांच्याशी बोला. काकूनं कोकमं उलटी करायला घेतली.

"शांतू," ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं केलंस तेच तिचं करतोयस. दर रविवारी तिला परत त्या खाटेवर निजवतोस. सुटली ना ती त्यातनं? ती आता देवाच्या पंगतीला बसल्येय, आणि आपण हिथं तिच्यासाठी दोन घास मागतोय."

मला राग आला. "मग मी तिच्यासाठी करू तरी काय?"

"काय नको. तिला आता काय्येक नको."

आजारपणात मी ताट पुढे केलं की मथुरा म्हणायची, 'काही नको.' त्या शब्दांची मला धास्ती बसली होती. ती गेल्यावरही कोणी सहज चहा नको म्हटलं तरी मी कप पुढे करतच राहायचो. पण पोट भरलेला माणूसही पंगतीत पानावर हात आडवा धरून तेच म्हणतो. सगळा जन्म हे पाहिलं होतं. तिच्याबाबतीत ते मला तिथे, त्या उन्हात बसल्यावर सुचलं.

मी रडलो. काकूनं रडू दिलं. कोकमं मात्र सोडली नाहीत.

मग म्हणाली, "शनिवार आहे, वही आणल्येयस. विचार आता मला."

"काकू, काय हवंय तुम्हाला?"

"आठ दिवस कडक ऊन. लिही. आता तुझं सांग."

"माझं काय? मी आजारी नाही."

"नायस?"

मी मोठं काहीतरी शोधत होतो. सांत्वन, शांती, असलं. पण ते मथुराच्या वहीत शोभलं नसतं. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं. शुक्रवारी मी मिरकरवाड्याच्या बंदरावर जातो आणि दोघांची मासळी घेऊन येतो. दर शुक्रवारी. घरी आल्यावर पिशवी बघून कळतं. अर्धी मांजराला जाते.

"हेच लिही," काकू म्हणाली.

तिथून निघालो तो संध्याकाळपर्यंत घरोघर विचारत फिरलो. रविवारी नवीन पान वाचलं. त्यात मथुराचं नाव नव्हतं. सगळ्यात शेवटी, तिच्या जागेवर, माझी ओळ होती. 'शांतवनला एकट्यापुरती मासळी आणता येत नाही.' मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग आमेन आलं, नेहमीपेक्षा मोठं.

उपासना सुटल्यावर पाळक दाराशी उभे होते.

"दादा, शुक्रवारी काय आणता?"

"बहुतेक बांगडे."

"मी जेवायला येऊ?"

"या. पण मला रांधता धड येत नाही."

"मलाही नाही येत."

"मग दोघं मिळून वाट लावा बांगड्यांची," काकू आमच्या मागूनच बोलली. "मी येत्ये तिखलं करायला. सहा आण रे."