न्हाणीघराचं दार

बोरिस्लाव राजा गवतकापणीच्या दिवसांत मेला, ऐन उकाड्यात. दुसऱ्या दिवशी त्याचा कारभारी रादको नाकातोंडाला फडकं बांधून माझ्या दारात आला.

"नेझदा, घसरगाडी हवी. आजच."

आमच्याकडे माणूस कुठल्याही ऋतूत मरो, त्याला बर्फावरच्या घसरगाडीवरूनच नेतात. मग ती गाडी कबरीवर पालथी घालतात. त्या गाड्या मी बनवतो.

"नवी एका दिवसात होत नाही. गावात होत्या त्या तुम्हीच जाळल्यात," मी म्हणालो.

राजानं क्रूसाचं चुंबन घेऊन भावाला अभयाची शपथ दिली होती. महिन्याभरात त्याच भावाचे डोळे काढले. भावाची मुलं सैन्य घेऊन आली आणि सगळा हिवाळा गावाला वेढा पडला. आम्ही झाडांच्या साली उकडून खाल्ल्या. त्यानंच पोट फुगून माझी बायको दोब्रावा गेली. राजाला मात्र दर शनिवारी वाफेची अंघोळ हवी. सरपण संपलं तेव्हा शिपायांनी कबरींवरच्या गाड्या उचलून नेल्या. दोब्रावाचीही नेली. त्या शनिवारचा धूर माझ्या अंगणात आला.

वेढा उठल्यावर मी तिच्यासाठी नवी गाडी केली.

"तुझ्या बायकोच्या कबरीवर आहे की एक," रादको म्हणाला.

"आहे. ये, उचल."

तो चार शिपाई घेऊन आला. गवत कापणाऱ्या बायका विळे हातात धरून जवळ येऊन उभ्या राहिल्या. लोहाराची बोळकी आई म्हणाली, "उचल रे बाबा. तेव्हा गाड्या न्यायलाही तोंड बांधून यायचास, आजही बांधलंयस. सवयच लागली की तुला!"

बायका हसल्या. एक शिपाई मागे सरला. "मी नाही हात लावणार. माझ्या आईची गाडी मीच भट्टीत घातली. आता पुरे."

बाकीचे तिघेही हलेनात.

"अरे मेल्यांनो, मग राजाला काय पाठीवर नेऊ? वास सुटलाय त्याला!"

"त्याच्या न्हाणीघराचं दार शाबूत आहे," मी म्हणालो.

त्यावरूनच नेला. दगडादगडावर प्रेत उडत होतं, माश्या घोंघावत होत्या. धर्मगुरू म्हणाले, गरिबांचा कैवारी गेला, शब्दाचा पक्का माणूस गेला. लोकांनी नाक दाबून माना डोलावल्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं.

शेवटी ते दार त्याच्या कबरीवर टाकलं, काजळीची बाजू वर. त्या काजळीत आमच्या गाड्या होत्या. मी थुंकलो आणि दोब्रावाकडे गेलो.

तिची गाडी जागेवर होती.