आईची हाक आणि माझा पंखा

मित्रांनो, संगणकाचा पडदा सगळ्यांना दिसतो, पण त्याच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात बसलेला मी कुणाच्या खिजगणतीत नसतो. मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. भिंतीतून येणारी वीज मोठी दांडगट असते. तिला ताळ्यावर आणून आतल्या नाजूक मंडळींना झेपेल तेवढीच वाटून द्यायची, हे माझे काम. स्वभावाने मी पहिल्यापासून काळजीखोर. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होतो तेव्हाही एकच धास्ती होती, नापास झालो तर?

पास झालो आणि एका घरात आलो. तिथली ताई घरांचे नकाशे काढायची. तेव्हा माझा पंखा इतका हलका फिरे की ती म्हणायची, "हा चालू आहे की नाही, तेच कळत नाही." एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही. पुढे जाळीवर धूळ साचत गेली आणि पंखा कुरकुरू लागला. कुणी लक्ष दिले नाही. मीही म्हटले, चालायचेच.

मग ताईच्या आईच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. आई घरी परतल्या, पण त्यांचा आवाज काही परतला नाही. शेजारच्या खोलीत त्यांची खाट, मधले दार उघडे, आणि हाक म्हणजे नुसती कुजबुज. ताईने उशाशी घंटी ठेवली, तर आई म्हणाल्या, "मी काय साहेब आहे घंटी वाजवायला?" आणि त्यांनी ती उशीखाली सारली.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. नकाशा मोठा झाला की मला जास्त वीज पुरवावी लागे, मी तापे, पंखा घरघरू लागे, आणि त्या घरघरीत आईंची हाक मलाही ऐकू येत नसे. ताई सारखी उठून डोकावून यायची. बसली तरी तिचे निम्मे चित्त दारापाशी असे.

शेवटी तिने एक उपाय केला. पेटीच्या मागे, अगदी माझ्या तोंडाशी, जाड चादरीची घडी खोचली. आवाज खरेच दबला, पण माझा श्वास कोंडला. गरम हवा बाहेर जाईना, म्हणून मी पंखा आणखी जोरात फिरवला. आवाज वाढला, म्हणून तिने चादरीवर उशी लावली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच.

त्या दुपारी मी सोसता येईल तेवढे सोसले आणि बंद पडलो. पडदा काळा झाला. ताईचा अर्धा नकाशा गेला. ती पेटीवर हात आपटणार, तोच तिला त्या शांततेत काहीतरी ऐकू आले.

"अगं... ऐकतेस का..."

पाण्याचे भांडे घ्यायला वाकताना आई खाटेवरून घसरल्या होत्या. किती वेळ हाका मारत होत्या कुणास ठाऊक. ताईने त्यांना उचलून बसवले. लागले काही नव्हते.

"घंटी का नाही वाजवलीस?"

"ती वर राहिली. उशीखाली."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले काका आले. मला बाहेर काढून त्यांनी हुंगले आणि म्हणाले, "ताई, याचं नाक-तोंडच दाबलंत की हो." त्यांनी दोन नवे पॉवर सप्लाय आणले होते. ताईची अट एकच होती. संगणकाला सगळ्यात जड नकाशा द्यायचा, आई खाटेवरून बोलतील, ते टेबलापाशी ऐकू आले पाहिजे.

पहिला चकचकीत होता. सुरुवातीला गप्प बसला, पण काम चढताच त्याला धाप लागली. दारातून आईंचे ओठ हलताना दिसले, शब्द पोचले नाहीत. खरे सांगतो, मला क्षणभर बरे वाटले. मग लगेच मनात आले, दुसराही असाच निघाला तर?

दुसरा वजनाने जड, दिसायला साधा. "याच्यात ताकद गरजेपेक्षा थोडी जास्त आहे," काका म्हणाले, "म्हणजे काम वाढलं तरी पंख्याला धावावं लागत नाही." पुन्हा तोच नकाशा लावला. ताई डोळे मिटून बसली. मी टेबलावर तारा लोंबकळत पडलो होतो आणि पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या यशासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो.

आतून बारीक आवाज आला, "त्या भाऊंना चहा विचारलास का?"

ताई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "विचारते गं," ती म्हणाली.

काकांनी मला सोबत नेले, धूळ झाडली, नवा पंखा बसवला. आता त्यांच्या दुकानात मी बिघडलेली यंत्रे तपासायच्या कामी येतो. काळजी मात्र सुटलेली नाही. त्या नव्याच्या जाळीवर धूळ साचत असेल का? त्याच्या मागे कुणी चादर तर खोचली नसेल ना?

म्हणून मित्रांनो, आम्हाला मोकळा श्वास घेऊ द्या आणि अधूनमधून आमची धूळ झाडा. आणि घरात कुणाचा आवाज बारीक झाला असेल, तर त्यांना मोठ्याने बोला म्हणू नका. आधी आपल्या बाजूला काय घरघरते आहे, ते पाहा.