हात ढिला सोड

"बोर्ड वाच की मावशे. म्या काय माझ्या मनचं सांगतुया व्हय?" सोसायटीच्या फाटकावरचा नथू म्हणाला आणि आडव्या दांड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

बोर्ड फहमिदाने वाचला होता. फेरीवाल्यांना प्रवेश नाही. तिने डोक्यावरची बांगड्यांची पेटी उतरवून खाली ठेवली, पदराने मान पुसली.

"मग मला का आडिवतोस? मी फेरीवाली न्हाई. मणेरीण हाय."

"त्यास्नी काय कळतंय त्यातलं?"

"त्यास्नी न्हाई कळत, तुला तर कळतंय? तुझ्या बायकूचा हात तुझ्या आदी मी धरलाय, नथ्या. इसरू नगंस."

नथू हसला. दांडा मात्र वर गेला नाही.

नागपंचमी आठवड्यावर आली होती. पूर्वी या दिवसांत फहमिदाला जेवायला फुरसत नसे. पौडहून एसटीने पिरंगुटला आणि तिथून सहा आसनी रिक्षात अंग चोरून ती इथे, चांदे गावात उतरायची, आणि गावातल्या हैबतरावांच्या ओसरीवर तिची पेटी उघडायच्या आत बायकांची रांग लागलेली असायची. सासवा आधी, सुना मागून, आणि परकऱ्या पोरी सगळ्यांच्या काखेखालून. हात पुढे करायचा, चिमटा काढायचा, सासूचं गाऱ्हाणं सांगायचं, हळूच रडून घ्यायचं. फहमिदाचे कान तिकडे आणि बोटं इकडे चालत. संध्याकाळी तिच्या तळहाताला दुसऱ्यांच्या हातांचा वास यायचा. कुणाची हळद, कुणाचं शेण, कुणाचं खोबरेल.

मग हिंजवडीच्या कंपन्या वाढत वाढत इथवर आल्या. ओसरीच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. गावातल्या पोरी एकाच हातात एकच कडं घालून कॉलेजला जायला लागल्या. नवऱ्याच्या, फकरुद्दीनच्या मागे फहमिदाने धंदा सोडला नव्हता तो पोटासाठी असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. मुलगा मोईन हडपसरला गॅरेजात होता, न चुकता पैसे पाठवायचा. सून समीना दर रविवारी फोन करून जेवलात का विचारायची. पण पौडच्या स्टँडमागच्या त्या खोलीत सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत कुणाचा हात हातात येत नसे. ज्या दिवशी पेटी उघडली नाही, त्या दिवशी आपल्याला बोटं आहेत हेच विसरायला होतं, असं तिला वाटे. हे कुणाला सांगायचं? सांगून कुणाला कळणार?

म्हणून तिला आत जायचं होतं. सोसायटीत मोठमोठ्या इमारती होत्या आणि घरोघर एक तरी बाई होती. एक दिवस, कुठल्यातरी जिन्याखाली का होईना, बसायला मिळावं. बस्स.

तेवढ्यात आतून एक मुलगी आली. कडेवर वर्षभराचं बाळ, केस कसेबसे गुंडाळलेले. गॅसवाला आला का, हे विचारायला आली होती. पेटीच्या फटीतून हिरवा रंग दिसला आणि ती थबकली.

"काचेच्या आहेत?"

"मग काय पलास्टिकच्या? बस हितं."

नथूने इकडेतिकडे बघितलं आणि आपल्या खोपटातलं स्टूल बाहेर काढून दिलं. फाटकाच्या बाहेर काय चालतं त्यावर सोसायटीचा नियम नव्हता.

मुलीचं नाव किमया. अकोल्याची. नवरा कंपनीत, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. फहमिदाने तिचा हात घेतला. हात कसला, लाकडाची फळी. अंगठ्याच्या मुळाशी दाबत ती म्हणाली, "हात ढिला सोड पोरी. माहेर आठव."

हे फहमिदाच्या सासूचं बोलणं. सासूने तिला धंदा शिकवला तेव्हा हेही दिलं. हात कितीही ताठर असू दे, बाई माहेरात पोचली की बोटांतला जोर जातो आणि बांगडी पाण्यासारखी सरकते. चांद्याच्या पोरी हे ऐकून आधी खिदळायच्या, मग गप्प व्हायच्या.

किमया खिदळली नाही. थोडा वेळ तिने रस्त्याकडे बघितलं आणि मग तो हात फहमिदाच्या हातात असा सुटला की जणू कुणी गाठ सोडली. एकामागून एक बांगड्या गेल्या. एकही तडकली नाही. बाळाने बांगड्यांच्या माळेचा दोरा तोंडात घातला होता, तो काढायचंही कुणाला सुचलं नाही. दुसरा हात भरेपर्यंत किमयाने बरंच काही सांगून टाकलं. की शेजारच्या दारावर नाव आहे पण माणूस दिसत नाही. की बाळाशी बोलून बोलून तिला स्वतःचाच आवाज बोबडा वाटायला लागलाय. की नवरा चांगला आहे, झोपलेला असतो एवढंच.

हात भरून झाल्यावर ती उठली, बाळाला सावरत वाकली आणि तिने नमस्कार केला. बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार करायचा, हे तिला आईने शिकवलं असणार. फहमिदाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी ऱ्हा. भरल्या हातानं ऱ्हा."

"मावशी, मी तुमची जाहिरात करू?"

बाळ होण्याआधी किमया हेच काम करायची, एका कंपनीचा माल इंटरनेटवरून विकायचं. सोसायटीचा ई-मेलचा ग्रुप होता, म्हणे. एक मेल टाकला की घरोघर पोचतो. फहमिदाने विचारलं, म्हंजी दवंडी? किमया म्हणाली, दवंडीच, फक्त ढोल नाही. फोटो हवा, सणाच्या चार दिवस आधी मेल जायला हवा, आणि मालाच्या मागे माणूस दिसला पाहिजे, नाहीतर कुणी बघत नाही. बोलता बोलता तिचे डोळे उजळले. ती पळत जाऊन कॅमेरा घेऊन आली आणि नथूच्या हातात दिला. नथूने आयुष्यातला पहिला फोटो काढला आणि त्यात दोघींची मुंडकी कापली गेली. उरले ते चार हात, हिरव्या बांगड्या, आणि किमयाचा पंजा धरलेली फहमिदाची काळपट, सुरकुतलेली बोटं.

"हाच! हाच पाहिजे होता," किमया म्हणाली.

"मुंडकी कापण्यात माझा हात कुनी धरनार न्हाई," नथू म्हणाला.

निघताना किमयाने सांगितलं की ती कमिटीला विचारते, रविवारी क्लब हाउसमध्ये फहमिदाला बसू द्या म्हणून. बायका खाली येतील. फहमिदाने क्लब हाउस म्हणजे काय ते विचारलं नाही. बसायची जागा आहे, एवढं तिला पुरलं.

त्या आठवड्यात तिने बऱ्याच गोष्टी केल्या. पुण्याला जाऊन रविवार पेठेतून हिरवा माल आणला, चमकीचा थोडा आणि साधा जास्त. बसायचं जुनं सतरंजीचं फडकं धुतलं, ते विरलं होतं म्हणून नवं घेतलं. हातांना रोज रात्री तेल चोळलं. खरखरीत हात नव्या बायकांना टोचू नयेत.

शनिवारी सकाळी किमयाचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. मेलला इतकी उत्तरं आली होती की तिला मोजता येईनात. शेजारच्या सोसायटीतूनही कुणीतरी विचारलं होतं. सगळ्यांनी फोटोचं कौतुक केलं होतं. एकीने लिहिलं होतं, हे हात बघून आजीची आठवण आली. फहमिदा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आनि मी बसायचं कुटं?"

तिकडे बाळ रडत होतं. किमयाने त्याला काहीतरी दिलं असावं, मग ती हळू म्हणाली, "मावशी, कमिटी नाही म्हणाली. आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच येतील म्हणे. पण त्याने काही बिघडत नाही. बायकांना तसंही खाली यायला वेळ नाहीये. तुम्ही पाकिटं करून नथूदादाकडे ठेवा, त्या येता-जाता घेतील."

"आनि माप?"

मापाचाही विचार किमयाने केला होता. सगळ्यांनी आपला हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि कागद फाटकावर द्यायचा. कागद आलेसुद्धा होते.

फहमिदा ते कागद घ्यायला गेली. नथूने पिशवी दिली आणि दुसरीकडे बघून म्हणाला, "लई कागूद हायेत, मावशे. कमाई हाय तुझी."

"व्हय," ती म्हणाली. "हाय की."

घरी आल्यावर तिने नवी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर कागद मांडले. खोली हातांनी भरून गेली. कुणाचा पेन्सिलचा, कुणाचा शाईचा, कुणी पोराच्या खडूने गुलाबी काढलेला. एकीने अंगठीसुद्धा काढली होती. एकीच्या पंजाच्या आत लेकराचा पंजा काढलेला होता, बहुतेक लेकरू ऐकत नसणार. खाली नाव, इमारत आणि घराचा नंबर. फहमिदाने एकेक कागद उचलला आणि माप घ्यायला बसली. कागदाला हाडं नसतात. अंगठा आत किती वळतो, हात मऊ की राबता, गरोदरपणाने सुजलाय का, हे काही त्यावर येत नाही. अंदाजाने दोन-चारचं माप, अंदाजाने दोन-सहाचं. प्रत्येक पाकिटात तिने एक बांगडी वरची घातली. घालताना एखादी तडकलीच तर हात रिकामा राहू नये. ओसरीवर असती तर तडकलेली बाजूला सारून तिने दुसरी चढवली असती, आणि पैसे घेतले नसते. मणेरणीच्या हातून तडकलेली बांगडी मणेरणीचीच असते.

कुठल्याच नागपंचमीला इतका माल गेला नव्हता. मोईनला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अम्मी, आता ते ओझं घेऊन हिंडू नकोस. घरबसल्या कर."

सणाच्या आदल्या दिवशी सगळी पाकिटं वाटून झाली होती. फहमिदाचं चांद्यात काही काम नव्हतं. तरी ती गेली. फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेऊन बसली. बारीक भुरभुर चालू होती. गाड्या आत जात, गाड्या बाहेर येत, काचा चढवलेल्या, काचांवर थेंब. ती काचांकडे बघत होती. एका गाडीची काच खाली झाली आणि नथूला काहीतरी द्यायला एक हात बाहेर आला. मनगटभर हिरवा चुडा. चमकीचा. तिचाच माल. बांगड्या तिने लांबून ओळखल्या. हात कुणाचा ते तिला ओळखता आलं नाही. काच वर गेली.

चहाचा ग्लास ठेवून ती उठली तेवढ्यात किमया फाटकावर आली, बाळ कडेवर, खांद्यात मान वाकडी करून फोन धरलेला. फोनवरच्याला थांब म्हणून ती फहमिदाला सांगू लागली. गौरीसाठी आणखी दोन सोसायट्यांचे मेल येतायत. पुढे संक्रांत. ती एक साधी वेबसाइट करणार आहे, फोटो तोच ठेवणार. आणि पौडहून माल उचलायला माणूस येईल, म्हणजे फहमिदाला एवढ्या लांब यायचीही गरज नाही.

"ते कागद आता टाकून द्या हं. पाकिटांवरची मापं मी कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलीत."

फहमिदाची नजर तिच्या मनगटावर गेली. दोन्ही हातांत एकेकच बांगडी होती. किमयाने ते बघितलं आणि हात मागे घेतला.

"काढून ठेवल्यात, मावशी. टाइप करताना वाजतात. बाळ उठतं."

"ऱ्हाऊ दे. कामाच्या हातात येवढ्याच बऱ्या." फहमिदाने बाळाचा गाल बोटाने टिपला. "आनि तुला करमतंय ना आता?"

"दिवस कसा जातो कळत नाही," किमया म्हणाली. ते खरं होतं. तिचा चेहराच सांगत होता. फहमिदाला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. मग फोनमधला माणूस हॅलो हॅलो करायला लागला आणि किमया हात हलवून आत गेली.

पौडला उतरेपर्यंत दिवे लागले होते. फहमिदाने चूल पेटवायला घेतली. लाकडं सादळलेली, पेट घेईनात, तशी तिने ती कागदांची पिशवी ओढली. वरचाच कागद हातात आला, पंजाच्या आत लेकराचा पंजा असलेला. ती तो घेऊन तशीच बसली. अंगवळणी पडलेल्या सवयीने तिचं बोट अंगठ्याच्या मुळाशी गेलं आणि दाबलं.

"ढिला सोड," तिच्या तोंडून निघालं.

हात ढिलाच होता. पुढचं वाक्य ती बोलली नाही.

तिने कागद गुडघ्यावर ठेवून त्याच्या चुण्या मोडल्या, तळहाताने सपाट केला. मग दुसरा, मग तिसरा. पेटी पुढे ओढून सगळ्या माळा बाहेर काढल्या. रस्त्यात काचेला धक्का बसू नये म्हणून पेटीच्या तळाशी ती जुनी वर्तमानपत्रं घालत असे. ती तिने काढली आणि चुलीत सारली. भपकन जाळ झाला. त्या उजेडात तिने पेटीच्या तळाशी एकावर एक हात अंथरले, आणि वर बांगड्यांच्या माळा अलगद ठेवून दिल्या.