अधिक दोन

शाळा विभागाचं कार्यालय पाणीपुरवठ्याच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर होतं. तीन खोल्या, चार माणसं आणि सहा शाळा. विभाग इतका टिचभर, की मुख्य कार्यालयात नव्यानं आलेल्या माणसाला नकाशावर तो बोट ठेवून दाखवावा लागे. पण गेली तीन वर्षं वाचनाच्या निकालात हाच विभाग पहिला येत होता. साहेबांच्या खुर्चीमागे तीन सन्मानचिन्हं ओळीनं लावली होती आणि भिंतीची ओल त्यांच्यामागे बरीचशी झाकली जात होती.

तर त्या सोमवारी सकाळी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं आणि ते आकडेबाईंनी फोडलं. आकडेबाई म्हणजे अभिलेख शाखेच्या प्रमुख. शाखेत त्या एकट्याच, त्यामुळे प्रमुखही त्याच आणि हाताखालच्याही त्याच. पत्रात लिहिलं होतं, की आपल्या विभागात वाचता न येणाऱ्या मुलांची संख्या शून्यावर आली, याबद्दल हार्दिक अभिनंदन. सबब वाचन-शिक्षिकेचे पद महिनाअखेरीस रद्द करण्यात येत आहे.

"बाई, वाईट बातमी का?" शिपायानं विचारलं. बाईंचा चेहराच तसा झाला होता.

"छे हो. अभिनंदन केलंय आपलं," बाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

कारण आकडेबाईंची लेक ठकू नऊ वर्षांची होती, कालव्याजवळच्या शाळेत चौथीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं.

पोर मठ्ठ नव्हती. हिशेब तोंडी करायची, शेजाऱ्यांच्या नकला करून घर डोक्यावर घ्यायची. पण अक्षर पुढ्यात आलं की तिचं तोंड बंद. बाईंनी स्वतः शिकवून पाहिलं होतं. दहा मिनिटांत आवाज चढायचा, विसाव्या मिनिटाला ठकू रडायची आणि पाचेक मिनिटांनी आईही. शेवटी वाचनबाईंनी तिला हाताशी घेतलं. वाचनबाई सहाही शाळा फिरायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याजवळच्या शाळेत. खडूंच्या खोक्यांच्या खोलीत दोघी बसायच्या. चार महिने झाले आणि परवाच ठकूनं दुकानावरची पाटी वाचली होती. एकच शब्द, तोही 'बंद'. पण तिला स्वतःला इतका आनंद झाला, की दुकान बंद होतं तेच बरं झालं असं वाटावं.

आणि आता शून्य. हे शून्य आलं कुठून, हे आकडेबाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते त्यांनीच आणलं होतं.

त्याचं असं झालं. दर सत्राच्या शेवटी प्रत्येक शाळा मुलांना एक उतारा वाचायला लावते आणि किती टक्के मुलांनी तो अडखळल्याशिवाय वाचला ते कळवते. पाच तारखेला सगळा तक्ता वर जायलाच हवा. एखादी शाळा हमखास उशीर करायची. मग आकडेबाई काय करायच्या, तर मागच्या वर्षीच्या आकड्यात दोन मिळवून अंदाजी आकडा टाकायच्या आणि त्याभोवती पेन्सिलीनं गोल करायच्या. खरा आकडा आला की गोल खोडायचा, आकडा सुधारायचा, दुरुस्तीचं पत्र पाठवायचं. दोनच का? तर पोरं दरवर्षी थोडी तरी पुढे जातात, एवढा भाबडा विश्वास. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग तक्ते गेले आणि कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरला पेन्सिलीचा गोल कुठून कळणार? त्या पहिल्याच वर्षी कालव्याजवळच्या शाळेचा आकडा आला नाही. बाईंनी सवयीनं अधिक दोन केलं, त्र्याहत्तर टाकला आणि तक्ता गेला. नऊ दिवसांनी खरा आकडा आला, अठ्ठावन्न. बाई दुरुस्ती करायला बसल्या तर पडद्यावर कुलूप. पुढच्या वर्षी बघू म्हटलं, तर पुढच्या वर्षी यंत्र म्हणे, निकाल घसरला असेल तर कारणं द्या, चौकशी समिती येईल. तेव्हा पंचाहत्तर टाकला. ही गोष्ट सहा शाळांत पसरायला वेळ लागला नाही. उशीर केला की दोन टक्के फुकट मिळतात, हे कळल्यावर वेळेवर आकडा पाठवायला कोण वेडं आहे? तिसऱ्या वर्षापासून पाच तारखेला एकही आकडा येईना. मुलांना तो उतारा वाचायला लावणंही हळूहळू बंद पडलं. नाहीतरी निकाल ठरलेलाच होता.

यंदा शंभर भरले. आणि शंभर भरल्यावर यंत्रानं प्रत्येक मुलाच्या नावापुढे खूण मागितली. सहा शाळांची साडेपाचशे नावं. आकडेबाईंनी दोन दिवस बसून सगळ्यांपुढे खुणा केल्या. चौथीच्या यादीत लेकीचं नाव आलं तेव्हा त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि तिथंही खूण केली. एक खूण सोडली असती तर शंभराचे नव्याण्णव झाले असते आणि समिती आली असती. त्या घोटाबद्दल त्यांनी स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

पत्र घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेब भला माणूस. कुणाला दुखवायचं नाही आणि कशातही पडायचं नाही, या दोन गुणांवर त्यांनी उभी नोकरी काढली होती.

"साहेब, पोरांना एकदा खरंखुरं वाचायला लावू या. यंदा समजा आकडा पडला तर पडू दे. निदान पद तरी राहील."

"किती पडेल?"

"साठाच्या आसपास असेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, शंभराचे साठ झाले तर वरचे लोक यंदाचं नाही विचारणार. गेल्या चौदा वर्षांत काय चाललं होतं ते विचारतील. पहिला कागद कुणाचा निघेल?"

"माझा."

"मग माझा, मग सहा मुख्याध्यापकांचा. आणि एवढं होऊनही पद वाचायचं नाही. चौकशी लागली की नेमणुका गोठवतात. वर्ष जाईल, दोन जातील."

"तोवर माझी पोर सहावीत जाईल हो!" बाईंचा आवाज चढला. बाहेर शिपायाचा स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"कळतंय मला," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच कळत होतं, हीच तर पंचाईत होती. "एक वाट आहे. पालक म्हणून अर्ज करा. माझ्या मुलीला वाचता येत नाही, शिक्षिका द्या. पालकाच्या अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नियम आहे."

बाईंना जरा धीर आला. संध्याकाळी घरी जाताना त्या नणंदेकडे वळल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण कालव्याजवळच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. घर दोन गल्ल्या सोडून, जाणं-येणं रोजचं. ठकूला तिच्याच शाळेत घातलं होतं, घरचं माणूस लक्ष ठेवील म्हणून.

"ताई, अर्जाला शाळेचा दाखला लागेल. ठकूला वाचता येत नाही एवढी एक ओळ लिहून द्या."

नणंद वह्या तपासत होती. हातातला पेन तिनं खाली ठेवला. "अगं, वेडी झालीस का? मी तसं लिहून दिलं तर खोटं कोण ठरेल?"

"आपण दोघी."

"मी का म्हणून? मी काय खोटं लिहिलं? मी कधी आकडा पाठवलाच नाही. मी फक्त उशीर केला. लिहिलंस ते तू."

शब्द न् शब्द खरा होता. सहाही शाळा हेच म्हणणार होत्या. चौदा वर्षांत कुणीच खोटं लिहिलं नव्हतं, लिहिणाऱ्या एकट्या बाई.

"माझे अकरा महिने राहिलेत," नणंद खालच्या आवाजात म्हणाली. "सदतीस वर्षं उभं राहून शिकवलंय गं मी. मला शेवटी असं घालवू नकोस. ठकू माझी पण भाचीच आहे, मला काय तिचं बरं-वाईट कळत नाही?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना संताप करायचा होता, तोही धड करता येईना. दोघींनी चहा प्यायला.

दाखल्याशिवायच बाईंनी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, पालक म्हणून, घरचा पत्ता घालून. दुसऱ्या दिवशी आवक टेबलावर दिला. शिपायानं शिक्का मारला, नोंद केली आणि दुपारी बाराच्या सुमाराला तोच अर्ज आणून त्यांच्याच टेबलावर ठेवला.

"हे माझ्याकडे का?"

"वाचनाबाबतचं सगळं अभिलेख शाखेकडे जातं, बाई. साहेबांनी तसंच मार्किंग केलंय," शिपाई म्हणाला आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेला.

तेरा दिवस तो अर्ज टेबलावर पडून राहिला. त्या तेरा दिवसांत वाचनबाई दोनदा येऊन गेल्या. त्यांना दुसऱ्या विभागात पाठवलं होतं, चार तास लांब. जाताना त्या म्हणाल्या, "ठकूला सोडू नका हं. आता कुठे गाडी रुळावर येतेय. फार फार तर सहा महिने लागतील." बाईंनी मान हलवली. सहा महिने काय, सहा दिवसही आणायचे कुठून? पलीकडच्या विभागात बाहेरची मुलं घेत नसत आणि आपल्या विभागातल्या सहाही शाळांत वाचता न येणारं मूल औषधालाही नव्हतं.

चौदाव्या दिवशी त्या उत्तर लिहायला बसल्या. पहिला मसुदा खरा लिहिला. 'अर्जदाराचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे.' एवढी एक ओळ लिहून त्या अर्धा तास तिच्याकडे बघत राहिल्या. आपली नोकरी गेली असती तर चाललं असतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण नोकरी जाऊन, नणंदेची सदतीस वर्षं जाऊन, घरात जन्माचं वैर येऊनही ठकूला मिळणार होती ती चौकशी समिती. ठकूला समितीकडून अक्षरं शिकायची नव्हती. बाईंनी कागद फाडला आणि ठरावीक नमुना काढला.

'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते, की अभिलेखानुसार आपली मुलगी अस्खलित वाचते. सबब आपली मागणी मान्य करता येत नाही.' खाली सही केली.

"हातातच नेता का? घरचाच पत्ता आहे," शिपायानं विचारलं.

"नाही. टपालानं जाऊ दे. नियम आहे," बाई म्हणाल्या.

तीन दिवसांनी त्या घरी पोचल्या तेव्हा ठकू पायरीवर बसली होती. पोस्टमननं दिलेलं पाकीट तिनं फोडलं होतं आणि कागद मांडीवर पसरून, वाचनबाईंनी शिकवलं होतं तसं ती अक्षरांखाली बोट ठेवून होती. कपाळावर घाम आला होता.

"आई, थांब, बोलू नकोस," ती म्हणाली. "आ... प... ली. आपली! मु... ल... गी. आपली मुलगी!" तिनं वर बघितलं. चेहरा नुसता फुलला होता. मग बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि तिथंच अडलं. तिनं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिचे ओठ नुसते हलले.

"हा फार मोठा आहे गं. वाचनबाई आल्या की विचारते. शुक्रवार आहे ना उद्या?"

बाई पिशवीसकट तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

ठकूनं कागद खालपर्यंत नजरेखालून घातला आणि एकदम तळाशी बोट टेकवलं. तिथं जोडाक्षरं होती, वळणं होती, मोठ्यांनासुद्धा लागली नसती अशी. तिनं मात्र एका दमात ओळखलं.

"हे मला येतं," ती म्हणाली. "ही तू आहेस."