लाह्या न खाणारा तुतवार

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. माझ्या पोटाची आहे आणि एका बाईच्या मनाची.

मी एक म्हातारा तुतवार आहे. मुठीएवढा पक्षी, पाठ मातकट, पोट पांढरं, शेपटी सारखी वरखाली. उन्हाळा मी हिमालयातल्या ओढ्यांकाठी काढतो आणि पावसाळा सरता सरता हैदराबादेत, तारनाक्यापलीकडच्या एका लहानशा तळ्यावर उतरतो. काठचा ओला चिखल हेच माझं ताट. त्यात चोच खुपसायची. अळ्या, किडे, गांडुळं वेचायची. दाण्याला मी तोंड लावत नाही.

तळ्याशेजारी चतुराबाई राहत. कीर्तनावर भारी जीव. मुक्या जिवाला घास घालावा, असं बुवांनी निरूपणात सांगितलं, तेव्हापासून त्या देवापुढच्या लाह्या रोज माझ्यापुढे टाकू लागल्या. त्या प्रेमळ हाताकडे पाठ फिरवताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई. माझी शेपटी हलते ती टाळांच्या ठेक्यावर, असं त्या कौतुकाने सांगत. त्यांचा भाचा अरविंद हसून हैदराबादी ढंगात म्हणे, "मावशी, त्याला प्रसाद नक्को. बिर्याणी होना बोलतोय."

घरोघरी डिशच्या छत्र्या लागत होत्या, नव्या कॉलन्या उठत होत्या. अरविंद घरबांधणीची कामं घेई. हा बिचारा घाणीत कसा जेवेल, असं चतुराबाईंच्या मनाने घेतलं. त्यांनी भाच्याला गळ घातली आणि त्याने काठभर मुरूम टाकून चोपून दिला. गल्लीने वाहवा केली.

पुढच्या खेपेला मी थकून उतरलो. चोच मारली तर खडा लागला. उपाशी हिंडत चतुराबाईंच्या मोरीमागे गेलो आणि सांडपाण्याच्या चिखलातून एक गांडूळ ओढलं. त्या लाह्यांची वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या. वाटी पदराआड गेली.

"अरविंदा," त्या हळू म्हणाल्या, "ह्याच्यापुढचं ताट मीच उचललं रे."

त्या आठवड्यात कीर्तनाला त्या पुढे बसल्या नाहीत, चपलांपाशी बसल्या. मग कुदळ घेऊन स्वतः मुरूम उकरू लागल्या. मजूर लावतो, असं भाच्याने म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी अरविंदही मान खाली घालून घमेलं उचलू लागला. ओसरीएवढा चिखल मोकळा झाला. हळूहळू त्यात किडे परतले आणि तेवढ्यावर मी तो हिवाळा काढला.

माझं पोट भरलं, हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. आता त्या नाहीत.

मित्रांनो, एखादा काठ स्वच्छ करायला निघालात, तर तिथे कोण जेवतं ते आधी पाहा. आणि चतुराबाईंना आठवा. लाजेने माझ्याकडे न पाहता कुदळ मारत राहिलेल्या.